लिफ्ट, विमान आणि व्हीआरचा हेडसेट: पैसे भरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. वय ३७, नोकरी हिंजवडीत, ऑफिस नवव्या मजल्यावर आणि रोजची ये-जा जिन्याने. वाकडला घेतलेल्या फ्लॅटचा ताबा दिवाळीत मिळणार, तो सतराव्या मजल्यावर. मॉलमधली काचेची लिफ्ट चालते, पण ऑफिसच्या स्टीलच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकवत नाही. त्यात कंपनी जानेवारीत जर्मनीला पाठवतेय. मागच्या वेळी असंच जायचं ठरलं होतं, तेव्हा आदल्या रात्री तिकीट रद्द केलं. सासूबाई म्हणतात, "सगळे मनाचे खेळ आहेत, मन घट्ट कर." एका केंद्राने 'व्हीआर थेरपीने सहा सिटिंगमध्ये फोबिया गायब' असं पॅकेज सांगितलंय, पैसे आगाऊ. ते घ्यावं, की हेडसेट विकत आणून घरीच करावं? आणि फॅमिली डॉक्टरांनी विमानासाठी लिहून दिलेली गोळी घ्यावी का?

आगाऊ पैसे भरू नका, हे आधी सांगून टाकते. व्हीआर थेरपी, म्हणजे हेडसेट चढवून संगणकातल्या आभासी जगात (व्हर्च्युअल रिॲलिटी) भीतीला सामोरं जाणं, खोटी आहे असं मुळीच नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, माझ्या पुण्यातल्या क्लिनिकमध्ये ती वापरते, आणि विमानाच्या भीतीसाठी तर तिच्याइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. पण तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते हे अजून कुणी नीट विचारलेलंच दिसत नाही. ते न विचारता ठरवलेल्या सहा सिटिंगांना काय अर्थ?

तुम्ही म्हणाल, लिहिलंय की, लिफ्टची आणि विमानाची. तेवढ्याने भागत नाही. विमानाला घाबरणारी दोन माणसं घ्या. एकाला विमान पडेल असं वाटतं. ढगात शिरल्यावर धक्के बसायला लागले की तो पंखाकडे टक लावून बसतो, इंजिनाचा आवाज जरा बदलला की त्याला घाम फुटतो. दुसऱ्याला विमान पडण्याचं फारसं काही नसतं. दार बंद होतं त्या क्षणी त्याचं काळीज लक्‌कन हलतं, कारण आता आठ तास 'मला उतरायचंय' म्हणायची सोय राहिली नाही. तो कडेची सीट मागून घेतो, स्वेटर घालत नाही, डोक्यावरचा वाऱ्याचा झोत पूर्ण उघडून तोंडावर घेतो, टॉयलेटला जायचं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. दोघेही बाहेर सांगताना 'मला विमानाचा फोबिया आहे' असंच सांगतात. पहिल्याला हेडसेटमध्ये धक्के खाणारं विमान दाखवलं तर काम होतं. दुसऱ्याला तेच दाखवलं तर तो आरामात बघेल, भीती मोजली तर आकडे छान येतील, आणि खऱ्या विमानाच्या दारातून परत फिरेल. त्याला दाखवायला हवं ते दार लागल्यावर धावपट्टीवर ताटकळत उभं राहिलेलं विमान, 'तांत्रिक कारणाने थोडा उशीर होत आहे' या घोषणेसकट.

तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात बोलकी वाटली ती काचेची लिफ्ट. उंचीची भीती असती तर काचेच्या लिफ्टमध्ये तुम्ही आधी चढला नसता आणि सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट तर बघायलाही गेला नसता. तुम्हाला चालत नाही ती चारही बाजूंनी बंद असलेली पेटी. म्हणजे लिफ्ट आणि विमान या दोन भीती नसून एकच असण्याची शक्यता मोठी आहे: कोंडलं जाण्याची, श्वास अडकण्याची. ही माझी अटकळ. समोर बसून बोलल्याशिवाय निदान करता येत नाही. एक गोष्ट मात्र तुम्हालाच तपासून ठेवता येईल. असं धडधडणं, हातपाय गार पडणं, 'आता काहीतरी होणार' वाटणं हे लिफ्ट-विमान सोडून इतर वेळीही होतं का? घरी टीव्ही बघताना, वाकडच्या सिग्नलला गाडीत बसलेलं असताना, काही कारण नसताना? तसं होत असेल तर प्रकरण साध्या फोबियाचं न राहता पॅनिक डिसऑर्डरचं (अवचित भीतीचे झटके येण्याच्या आजाराचं) असू शकतं, आणि उपचारांची आखणी वेगळी होते. थायरॉइड आणि हृदयाची साधी तपासणीही एकदा करून घ्यावी, म्हणजे तो किंतु मनात राहत नाही.

आता व्हीआर नेमकं करतं काय. भीती टिकून राहते ती टाळण्यामुळे. तुम्ही लिफ्टसमोर जाता, छातीत धडधडतं, जिन्याकडे वळता आणि लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हाच खरा शिक्षक. 'जिन्याने आलीस म्हणून वाचलीस' असं तो दर वेळी शिकवतो आणि तुम्ही लिफ्टमध्ये राहिला असतात तर काय झालं असतं हे कधीच कळू देत नाही. याच्यावरचा उपाय जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलासमोर, तो खाण्यात रमलेला असताना, ससा हळूहळू जवळ आणत त्याची भीती घालवली. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पी यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली: भीतीच्या प्रसंगांची सोप्यापासून अवघडापर्यंत शिडी करायची आणि एकेक पायरी चढायची. भीतीला ० ते १०० मधला आकडा देण्याची पद्धतही त्यांचीच, आम्ही अजून तीच वापरतो. याला एक्स्पोजर म्हणतात, आणि फोबियावर सगळ्यात भक्कम पुरावा याचाच आहे.

अडचण होती ती प्रसंग आणायचे कुठून ही. पाल, कुत्रा, झुरळ यांची पुण्यात ददात नाही. विमान मात्र क्लिनिकमध्ये येत नाही. मग डोळे मिटून कल्पना करायला सांगायचे. काहींना ते जमतं. पुष्कळांना जमत नाही, किंवा नको तिथे आलं की मन गुपचूप दुसरीकडे जातं आणि समोर बसलेल्या थेरपिस्टला पत्ताही लागत नाही. १९९५ साली बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांच्या गटाने उंचीच्या भीतीसाठी संगणकात बाल्कन्या, पूल आणि वर जाणारी लिफ्ट उभी केली आणि विद्यार्थ्यांवर तिचा रीतसर अभ्यास केला. चित्रं आजच्या मानाने अगदीच ओबडधोबड. तरी लोकांचे तळहात घामेजले आणि भीती उतरली. डोळ्यांसमोरचं खोटं आहे हे डोक्याला माहीत असतं, शरीराला ते पटत नाही, आणि शिकायचं असतं ते शरीरालाच.

विमानाबद्दलचा तुमच्या कामाचा अभ्यास त्याच गटाचा, २००० सालचा. काहींना व्हीआरमधलं विमान, काहींना विमानतळावर नेऊन उभं असलेलं खरं विमान. दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर दोन्हीकडचे दहातले नऊहून जास्त जण प्रत्यक्ष विमानाने जाऊन आलेले. २००२ मध्ये पॉल एमेलकॅम्प यांनी ॲमस्टरडॅमच्या खऱ्या जागा, एक मॉल, आगीच्या वेळी वापरायचा जिना, गच्चीवरची बाग, हुबेहूब संगणकात उतरवल्या आणि अर्ध्या लोकांना खऱ्या जागी, अर्ध्यांना व्हीआरमध्ये नेलं. तिथेही बरोबरी. या दोन अभ्यासांतून मी एवढंच घेते की व्हीआर खऱ्याच्या तोडीचं आहे, खऱ्याहून वरचढ नाही. जिथे खरं सहज मिळतं तिथे हेडसेटसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

जाहिरातींत हमखास येणारा अभ्यास म्हणजे ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांचा, २०१८ सालचा. उंचीची भीती असलेली शंभर माणसं, संगणकातली दहा मजली इमारत, झाडावर अडकलेलं मांजर सोडवण्यासारखी कामं, आणि शिकवणारी बाईसुद्धा संगणकातलीच. दोन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची सुमारे सहा सत्रं आखलेली होती आणि भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. तुमच्या पॅकेजमधला सहाचा आकडा इथूनच आला असावा. निष्कर्ष दमदार आहे, त्यात वाद नाही. पण तुलना ज्यांच्याशी केली त्या लोकांना कुठलाच उपचार दिलेला नव्हता, आणि भीती उंचीची होती, कोंडलं जाण्याची नव्हे. शिवाय ६८ टक्के उतरणं आणि 'गायब' होणं यात जो फरक आहे तो जाहिरात लिहिणाऱ्याला ठाऊक असतोच.

सत्र कसं चालतं ते सांगते, कारण तुम्ही जाल तिथे असंच चालतं का हे तुम्हाला ताडून बघता येईल. पहिल्या भेटीत हेडसेट डोक्यावर चढतच नाही. बोलणं, शिडी आखणं आणि एक वाक्य लिहून घेणं एवढंच होतं. वाक्य असं: 'लिफ्ट मध्येच बंद पडली तर पाच मिनिटांत हवा संपेल, मी गुदमरून बेशुद्ध पडेन.' आणि शेजारी खात्री किती, तर ९० टक्के. हे वाक्य जितकं नेमकं, तितकं पुढचं काम सोपं. 'कसंतरी होईल' असं लिहिलंत तर ते खोटं ठरवताच येत नाही.

मग खुर्ची, बिनचाकांची. हेडसेट साधारण अर्धा किलोचा असतो. तोंडावर घट्ट बसतो, आत उकडतं. कोंडण्याची भीती असणाऱ्यांचं अर्धं एक्स्पोजर तिथेच सुरू होतं. काही जण पट्टा आवळताच तो ओरबाडून काढतात, मग नुसता काळा पडदा बघत बसणं हीच पहिली पायरी होते. पुढे लिफ्ट येते. दार उघडतं, आत जायचं, दार लागतं. मला तेच दृश्य लॅपटॉपवर दिसत असतं.

"आकडा?"

"साठ."

"काय होईल असं वाटतंय?"

"दार उघडणार नाही."

या वेळी मी पडद्यापेक्षा माणसाकडे जास्त बघते. हेडसेटच्या खाली नाकापाशी एक फट असते. घाबरलेला माणूस हनुवटी किंचित वर करतो आणि त्या फटीतून माझ्या क्लिनिकची फरशी बघून घेतो. पायातली चप्पल दिसली की आकडा लगेच चाळीसवर. कुणी डोळे मिटून घेतो, बाहेरून ते कळतही नाही, फक्त मान हलायची थांबते. कुणी मुठीत मोबाइल गच्च धरलेला असतो. ओठ हलत असतात, विचारलं तर भीमरूपी चाललेलं असतं. मारुतीरायाला माझी ना नाही. पण दार उघडावं म्हणून स्तोत्र म्हटलं आणि दार उघडलं, तर श्रेय स्तोत्राला जातं, आणि पुढच्या खेपेला ते म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाही. पाण्याची बाटली, नवऱ्याचा हात, पर्समधली गोळी, सगळ्यांची गत हीच. या टेकूंना हळूहळू सोडवत नेणं हे थेरपिस्टचं खरं काम आहे आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसवलेलं नसतं. हेडसेट चढवून देऊन जी माणसं शेजारच्या खोलीत फोनवर बोलत बसतात, त्यांच्याकडे नाकाच्या फटीतून फरशी बघण्याचं उत्तम शिक्षण मिळतं.

आणि मग मी एक कळ दाबते. दिवा जातो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. व्हीआरची खरी करामत इथे आहे. सोसायटीच्या वॉचमनला 'मॅडमना वीस मिनिटं अडकवून ठेव' असं सांगता येत नाही, आणि खऱ्या लिफ्टमधून तुम्ही शंभर वेळा सुखरूप उतरलात तरी 'अडकली असती तर?' हा प्रश्न शिल्लक राहतोच. इथे ती अडकते. आकडा नव्वदवर जातो. आम्ही दोघी काही करत नाही. दीर्घ श्वास नाही, 'शांत व्हा' नाही. पाच मिनिटं होतात, सात होतात. हवा संपलेली नसते, बेशुद्धी आलेली नसते. आकडा कधी उतरतो, कधी उतरतही नाही, आणि नाही उतरला तरी बिघडत नाही. पूर्वी आम्ही तो उतरेपर्यंत थांबायचा आग्रह धरायचो. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्क यांच्या संशोधनानंतर भर बदलला: लिहून ठेवलेलं भाकीत खोटं पडलं की नाही, हे महत्त्वाचं. हेडसेट काढल्यावर तो कागद पुढे करायचा आणि विचारायचं, काय होणार होतं, काय झालं, आता खात्री किती?

जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी समज उभी राहते, एवढं लक्षात ठेवा. त्यामुळे एकाच आभासी लिफ्टमध्ये बसून नवी समज तेवढ्याच लिफ्टपुरती पक्की होते. लिफ्ट बदलावी लागते, वेळ बदलावी लागते, सोबत बदलावी लागते.

हेडसेट देऊ शकत नाही अशा गोष्टीही आहेत. लिफ्ट सुटताना पोटात येणारा गोळा, साडेनऊच्या गर्दीत पाठीला टेकलेली कुणाची सॅक, बंद हवेतला घाम आणि डब्यातल्या भाजीचा मिसळलेला वास. श्वास कोंडण्याच्या भीतीला हे फार जवळचं असतं. म्हणून सोबत मी शरीराचे व्यायामही करून घेते: स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास, जागच्या जागी पळणं. धाप लागते, कोंडल्यासारखं वाटतं, आणि धाप लागणं म्हणजे गुदमरणं नव्हे हे कळतं. हेडसेटपेक्षा हेच जास्त कामाला आलं असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधतात. हेडसेटचा उपयोग साधारण तेवढाच, आणि भोपळा सोडायचा कधी हे पहिल्या दिवशीच ठरलेलं बरं. तुमच्या बाबतीत लिफ्टसाठी मी व्हीआरची फार तर दोन-तीन सत्रं ठेवेन, मुख्यतः अडकण्याच्या प्रसंगासाठी, आणि लगेच खऱ्या लिफ्टकडे वळेन. मॉलची काचेची लिफ्ट झालीच आहे. मग ऑफिसची, शनिवारी रिकामी असताना, एक मजला, आधी कुणी सोबत, मग एकटीने. मग नऊ मजले. मग सोमवारी सकाळच्या गर्दीत. मेट्रोचाही चांगला उपयोग होतो. वनाज-रामवाडी मार्ग वरून जातो, बाहेरचं सगळं दिसतं, तिथे सुरुवात करायची. मग सिव्हिल कोर्टला उतरून स्वारगेटच्या गाडीत बसायचं, तो सगळा टप्पा भुयारी. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, तिथली लिफ्ट ही शिडीची बरीच वरची पायरी झाली. मेट्रोची दारं दोन स्थानकांच्या मध्ये आपल्या मर्जीने उघडत नाहीत, आणि विमानाची तयारी म्हणून नेमकं तेच हवं आहे. हे सगळं तिकिटाच्या पैशांत होतं.

लिफ्टबद्दलची माहिती एकदाच सांगते, कारण ती वारंवार विचारणं हाही टेकूच होतो. लिफ्टची पेटी हवाबंद नसते, तिला हवेसाठी झरोके असतात. दोर तुटला तरी पेटी धरून ठेवणारी यंत्रणा एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, लोकांसमोर स्वतः वर उभं राहून दोर कापायला लावून दाखवली होती. नव्या इमारतींत लाइट गेली की बॅटरीवर पेटी जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी सोयही बहुधा असते. गुरुवारी लाइट जाणाऱ्या आपल्या शहरात ती आहे का, हे बिल्डरला जरूर विचारा. भीती नसती तरी विचारायलाच हवं होतं.

विमानासाठी मात्र व्हीआरवर मनसोक्त वेळ द्या. सुरुवात विमानापासून करू नका, बॅग भरण्यापासून करा, कारण तुम्ही मागे फिरलात ते घरूनच. टॅक्सी, सुरक्षा तपासणीची रांग, बोर्डिंगचा निमुळता बोगदा, मधली सीट, पट्ट्याचा खटका आणि दार लागणं. तिथे थांबायचं, उगाच उड्डाण करायचं नाही. खुर्चीखाली घुमणारा स्पीकर असेल तर इंजिनाची थरथर पायांतून येते आणि खरेपणा कितीतरी वाढतो. त्यानंतर, आणि जर्मनीच्या आधी, एक छोटा खरा प्रवास करा. पुण्याहून दिल्ली सुमारे दोन तास. मुंबईहून फ्रँकफुर्टला आठ-नऊ तास लागतात, तो पहिला प्रवास असू नये. यजमानांना सोबत न्यायचं असेल तर सीट लांबची घ्या.

घरी हेडसेट आणण्याबद्दल. पुठ्ठ्याच्या डब्यात मोबाइल घालून यूट्यूबवर रोलर कोस्टर बघणं याला उपचार म्हणत नाहीत. मान वळवलेली त्या डब्याला कळते, पुढे वाकलेलं कळत नाही, आणि त्यातूनच मळमळायला लागतं. मात्र साधनं स्वस्त म्हणून निरुपयोगी, असंही नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या तारा डोंकर यांच्या गटाने उंचीच्या भीतीसाठी मोबाइल ॲप आणि असाच साधा डबा वापरून चांगला परिणाम दाखवला. त्या ॲपमध्ये शिडी, गृहपाठ, आकडे असा सगळा क्रम बसवलेला होता. एकटीने करताना खरा धोका असा की आकडा ऐंशीला गेला की तुम्ही हेडसेट काढाल, हायसं वाटेल, आणि जिन्याचा जुना धडाच पुन्हा गिरवला जाईल. हेडसेट घरात आधीच असेल तर थेरपिस्टने दिलेला गृहपाठ त्यावर करा. मुद्दाम आणू नका.

फिट्स येत असतील, चक्कर येण्याचा जुना त्रास किंवा जोरदार मायग्रेन असेल, गरोदर असाल, तर हेडसेट घालण्याआधी सांगायलाच हवं. डोळे म्हणतात आपण हलतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो नाही, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. तसं झालं तर सत्र थांबवावं. भीती सोसायची असते, मळमळ नाही. सत्र संपल्यावर थोडा वेळ बसून मगच स्कूटरला किल्ली लावावी.

ओघात आलं म्हणून इथे वाचणाऱ्या इतरांसाठी: रक्त किंवा इंजेक्शन बघून भोवळ येणाऱ्यांचं गणित उलटं असतं. बाकी फोबियात रक्तदाब वाढतो, त्यांचा आधी वाढून मग एकदम पडतो. त्यांना 'अंग सैल सोडा' सांगणं म्हणजे पडायला मदत करणं. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी हात-पाय-पोटाचे स्नायू आवळून धरण्याची पद्धत बसवली. ती न शिकवता कुणी रक्ताची दृश्यं हेडसेटमध्ये दाखवत असेल तर तिथून उठावं.

गोळीचं बघू. विमानासाठी सहसा अल्प्राझोलामसारखी, घबराट दाबणारी गोळी लिहून दिली जाते. १९९७ साली विल्हेल्म आणि रॉथ यांनी विमानाला घाबरणाऱ्या २८ स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्यांना पहिल्या प्रवासाआधी ही गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. पहिल्या प्रवासात औषधवाल्यांना कमी भीती वाटली. आठवड्याने सगळ्या गोळीविना बसल्या, तेव्हा पॅनिक जास्त आलं ते औषधवाल्यांनाच. भाकीत खोटं पडण्याची संधी गोळीने हिरावली होती. म्हणून एक्स्पोजरच्या दिवशी गोळी नको असं आमचं म्हणणं असतं. पण तुम्ही ती रोज घेत असाल तर परस्पर बंद करू नका, त्याने वेगळाच त्रास होतो. सायकियाट्रिस्टना थेरपीचं सांगून त्यांच्या सल्ल्याने ठरवा.

पॅकेजवाल्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा. सत्र घेणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का आणि तिची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का. ती पूर्ण वेळ खोलीत बसते का. आणि खऱ्या लिफ्टमध्ये कितव्या सत्रानंतर जायचं. तिसऱ्या प्रश्नावर 'त्याची गरज पडत नाही' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. सहा सत्रं ही संख्या मुळात वावगी नाही, साध्या फोबियाला तेवढी पुरतातही. पण पैसे दर सत्राला द्या. खर्च परवडत नसेल, किंवा कुठे जायचं हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंना एवढंच सांगा की मन घट्ट करूनच इतकी वर्षं नऊ मजले चढतेय.

जानेवारी गाठायचा असेल तर सुरुवात याच महिन्यात करा. ताबा मिळायच्या आत ऑफिसची लिफ्ट, नोव्हेंबरात मेट्रो आणि व्हीआरमधलं विमान, डिसेंबरात दिल्ली. विमान मुंबईहून असेल तर तिथवर टॅक्सीने जाल आणि एक्स्प्रेसवेवर कामशेतपासून बोगदे लागतील. त्यातही कोंडल्यासारखं होतं का, हे पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे तीही पायरी शिडीत धरता येईल.